कमी खातो, रोज चालतो, तरी वजन हलत नाही. मी स्वतःलाच फसवतोय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जेवण निम्म्यावर आणलंय, रोज चालायला जाताय, तीन महिने झाले आणि काटा जागचा हलायला तयार नाही. मित्र म्हणाला, "तू स्वतःलाच फसवतोयस." ते तुम्हाला लागलं. म्हणून विचारताय की माणूस नकळत स्वतःला एवढा फसवू शकतो का, आणि तसं असेल तर ओळखायचं कसं.

आहारसल्ला हा माझा व्यवसाय आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत रोज समोर येतो. हो, फसवू शकतो. पण तुम्ही खरं दडवून ठेवलंय असं मित्राला वाटत असेल, तर तो चुकतोय. खाल्लेलं आणि चाललेलं, दोन्हीची नोंद मेंदू मुळातच अर्धवट ठेवतो, आणि त्या अर्धवट नोंदीवर आपला शंभर टक्के विश्वास असतो. तुम्ही मला जे सांगाल ते तुमच्या दृष्टीनं खरंच असेल, याबद्दल मला शंका नाही.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. 1992 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी नेमकी तुमच्यासारखी तक्रार असलेली दहा माणसं तपासली होती. दिवसाला 1200 कॅलरीपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. संशोधकांनी त्यांच्या सांगण्यावर विसंबून न राहता शरीर खरोखर किती ऊर्जा खर्च करतं ते मोजलं. त्याची पद्धत फार सुंदर आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड समस्थानिकांचं, म्हणजे त्याच मूलद्रव्यांच्या थोड्या जास्त वजनाच्या अणूंचं, पाणी माणसाला प्यायला देतात. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यातून. ऑक्सिजन पाण्यातूनही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासून दोन्ही किती वेगानं कमी होतात ते बघायचं. त्यांतल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळतं आणि त्यावरून ऊर्जेचा खर्च निघतो. माणसाच्या आठवणीचा इथे संबंधच येत नाही. या दहा जणांचं चयापचय व्यवस्थित होतं. खाल्लेलं मात्र ते सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगत होते आणि शारीरिक हालचाल 51 टक्क्यांनी जास्त.

हे अडाणीपणानं होतं असंही समजू नका. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहारतज्ज्ञ असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांची याच पद्धतीनं तुलना केली होती. आहारतज्ज्ञ नसलेल्यांनी दिवसाला सरासरी 429 कॅलरी कमी नोंदवल्या, आणि ज्यांचं पोटच या विषयावर चालतं त्या आहारतज्ज्ञांनीही 223 कमी. अन्नातल्या कॅलरी तोंडपाठ असल्या तरी खाल्लेला घास लक्षात राहीलच असं नाही.

आता हे घडतं कसं ते सांगते, कारण टक्केवारीपेक्षा ते कळणं जास्त उपयोगाचं आहे.

नव्यानं आलेल्या माणसाला मी विचारते, "काल सकाळपासून काय काय खाल्लंत?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "कालचं धरू नका, काल घरी पाहुणे होते." बरं, मग परवा? "परवा ऑफिसात एकाचा वाढदिवस होता, त्यामुळे थोडं इकडचं तिकडचं झालं." त्याच्या आदला दिवस? "त्या दिवशी फार उशीर झाला, स्वयंपाकाला वेळच नव्हता, बाहेरून मागवलं." रविवारी? "रविवारी काय, सगळे घरात असतात." मग मी म्हणते, ठीक आहे, तुमचा नेहमीचा दिवस सांगा. त्यासरशी माणूस सावरून बसतो आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक नेटका, मोजका दिवस घडाघडा सांगतो. तो दिवस काल्पनिक नसतो, आठवड्यातून एखादा तसा जातोही. पाहुणे, वाढदिवस, उशीर ही कारणंही सगळी खरी असतात. फक्त तो एक दिवस 'नेहमीचा' म्हणून धरला जातो आणि उरलेले सहा अपवाद म्हणून हिशेबाबाहेर राहतात. माझ्या मते बहुतेकांची खरी फसगत इथे होते. ताटातल्या एखाद्या पदार्थाविषयीचं अज्ञान त्यामानानं किरकोळ आहे.

साधा हिशेब करून बघा. पाच दिवस तुम्ही मन मारून रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्यात. झाले 2500. उरलेल्या दोन दिवशी गरजेपेक्षा 1250 जास्त गेल्या. बाहेरचं एक भरपेट जेवण, वर काहीतरी गोड आणि सोबत साखरेचं पेय एवढ्यात त्या सहज जातात. आठवड्याची बेरीज शून्य. या माणसानं पाच दिवस खरोखर भूक सोसलेली असते, म्हणून "मी कमी खातो" हे तो छातीठोकपणे सांगतो. तुम्हालाही भूक लागत असेल आणि त्यावरूनच आपलं खाणं कमी आहे असं वाटत असेल. पण भूक हे माप नव्हे. झोप कमी झाली तरी ती वाढते आणि जेवणाची ठरलेली वेळ टळली तरीही.

दुसरं म्हणजे, ज्याला कष्ट पडले ते लक्षात राहतं. ऑफिसात सगळ्यांनी गोड घेतलं आणि तुम्ही नाही म्हणालात, हे तुम्हाला आठवडाभर आठवेल. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून येता-जाता डब्यातले चार दाणे दोनतीनदा तोंडात टाकले, ते रात्रीपर्यंतसुद्धा आठवणार नाही, कारण ते करताना मनाला काही ठरवावं लागलंच नाही. बसून, वाढून घेऊन खाल्लं तेवढंच आपण जेवण म्हणून मोजतो. उभ्यानं खाल्लेलं, भांड्याच्या तळाशी 'एवढंसं कशाला ठेवायचं' म्हणून संपवलेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चव बघताना घेतलेले चमचे, दूध-साखर घातलेली पेयं, यांतलं काहीच त्या मोजणीत येत नाही.

यात तेल फार लबाड. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांतून किंवा प्रथिनांतून साधारण 4 कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांतून 9. तेलाचा एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलीलीटर, 120 कॅलरींचा असतो. आता चालण्याकडे बघा. सत्तर किलोच्या माणसानं ताशी पाच किलोमीटरच्या वेगानं अर्धा तास चालल्यावर खर्च होतात त्याही साधारण 120. त्यांतल्या 35 तर तो नुसता बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई 85च्या आसपास. तुमच्या ताटात तेलाचे किती चमचे येतात हे तुम्हाला माहीत आहे का? स्वयंपाक करणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं, कारण तेल अंदाजानं सोडलं जातं. 'चांगलं' म्हणून बिनधास्त खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींचंही तसंच. बदाम उत्तमच, पण तीस ग्रॅममध्ये 170 ते 180 कॅलरी असतात आणि मोठ्या माणसाच्या भरलेल्या मुठीत तीस ग्रॅमपेक्षा बरेच जास्त मावतात.

व्यायामाबद्दल थोडं कमी लिहिते, कारण तिथली गफलत उघडी आहे. "रोज तासभर चालतो" म्हणणाऱ्याला मी घरातून निघाल्याची, प्रत्यक्ष चालायला लागल्याची आणि थांबल्याची वेळ घड्याळात बघून लिहायला सांगते. बूट घालणं, ओळखीचं कुणी भेटलं म्हणून थांबणं, फोन आला म्हणून रेंगाळणं हे वजा जाता तासाची पस्तीस-चाळीस मिनिटं उरतात. 'रोज'मधूनही पावसाचे, प्रवासाचे आणि कंटाळ्याचे दिवस वजा करावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करायला सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागायला हवा. अमेरिकेत 2003-04च्या राष्ट्रीय पाहणीत लोकांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं, तेव्हा रोज तीस मिनिटांची शिफारस पाळणारे प्रौढ पाच टक्केही भरले नाहीत. प्रश्नावलीतून विचारलं की हाच आकडा कितीतरी मोठा येतो.

मनगटावरच्या घड्याळावरही फार विसंबू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठानं 2017 साली अशी सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरींत सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट 93 टक्क्यांनी. तो आकडा बघून 'आज एवढ्या जाळल्या, आता एवढं खायला हरकत नाही' असं ठरवणं म्हणजे फसगतीला आमंत्रण. व्यायाम झाला की काहीतरी कमावल्याची भावना येते, ती चांगलीच आहे. पण ती जेवणात खर्च होते. शिवाय सकाळी घाम गाळलेला माणूस उरलेला दिवस जास्त बसून काढतो, हेही मी पुष्कळ पाहिलंय. म्हणून व्यायाम सोडू नका. हृदय, साखर, झोप, मन, स्नायू या सगळ्यांसाठी तो हवाच. वजन उतरवण्याचा सगळा भार एकट्या चालण्यावर टाकू नका एवढंच म्हणते.

आता दोन समजुती. तुम्ही वयाचा उल्लेख केलेला नाही, पण चाळिशीनंतर चयापचय मंदावतं असं मला जवळजवळ सगळेच सांगतात. 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात 29 देशांतल्या 6400हून अधिक लोकांच्या मोजमापांवरचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान आणि घडण लक्षात घेतली, तर विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळपास सारखाच राहतो, असं त्यातून दिसलं. चाळिशीत बदलतं ते दुसरंच: खुर्चीत बसण्याचे तास वाढतात, झोप घटते, स्नायू वापराविना कमी होतात आणि घरात-बाहेर खाण्याचे प्रसंग वाढतात.

दुसरी समजूत अशी, की फार कमी खाल्लं तर शरीर चरबी घट्ट धरून बसतं आणि वजन उतरायचं थांबतं. यातला अर्धा भाग खरा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं चयापचय खूप मंदावलं, माणसं चिडचिडी आणि निरुत्साही झाली, दिवसरात्र अन्नाचेच विचार करू लागली. पण वजन उतरलंच, सुमारे एक चतुर्थांश. शरीर खर्चाला कात्री लावतं, मात्र शून्यातून ऊर्जा निर्माण करू शकत नाही. निम्मं खाऊनही तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर ते निम्मं सातही दिवस निम्मं राहत नाहीये अशीच शक्यता जास्त आहे.

आणि याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. 'निम्मं जेवायचं' हा नियमच असा आहे की चौथ्या-पाचव्या दिवशी तो मोडणार. मोडला की लाज वाटते, आणि ज्याची लाज वाटते त्याची नोंद मन ठेवत नाही. खाण्यावरून लहानपणापासून बोलणी खाल्लेल्या माणसांत हे मला फार ठळकपणे दिसतं. प्रश्न विचारला की त्यांची नजर आधी माझ्या चेहऱ्याकडे जाते, ओरडा पडणार का हे बघायला. अशा माणसाला "खरं सांग" म्हणून दटावलं तर तो पुढच्या वेळी आणखी कमी सांगतो, मलाही आणि स्वतःलाही. म्हणून तुमच्या मित्राचं निदान बरोबर असलं तरी बोलण्याची रीत मला पटली नाही.

आता ओळखायचं कसं. दोन आठवडे काहीही बदलू नका. नवा नियम नको, नवा संकल्प नको. जे चाललंय ते चालू द्या, फक्त लिहा. रात्री आठवून लिहिलं तर वर सांगितलेली सगळी गळती त्यात येईल, म्हणून तोंडात घालण्याआधी लिहा. लिहायला जमत नसेल तर फोनवर ताटाचा एक फोटो जेवणाआधी आणि एक नंतर काढा, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलेलंही लक्षात येतं. पेयं आणि चव बघितलेले चमचे सोडू नका. ज्या दिवशी लिहावंसं वाटणार नाही, तो दिवस तर नक्की लिहा. पाहुण्यांचा, उशिराचा, रविवारचा दिवस वगळायचा नाही. 'अपवाद' असा शब्द वहीत येता कामा नये.

तेलासाठी आठवणीवर अजिबात अवलंबून नसलेला एक उपाय आहे. एक लीटरची नवी पिशवी किंवा बाटली उघडाल त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा आणि संपली की परत तारीख बघा. चार माणसांच्या घरात ती बारा दिवसांत संपली, तर माणशी दिवसाला जवळपास 21 मिलीलीटर, म्हणजे 170 कॅलरींच्या आसपास फक्त घरच्या तेलातून. साखरेचंही तसंच करता येतं. बाहेर खाल्लेलं यात धरलेलं नाही, हे लक्षात ठेवा.

वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी करा आणि रोजचा आकडा मनावर न घेता आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक नुसत्या पाण्याचा असू शकतो. खारट जेवण झालं की शरीर पाणी धरतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरातल्या साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. म्हणूनच कडक पथ्याच्या पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं आणि एका मनसोक्त जेवणानं परत येतं. किलोभर चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, ती एका रात्रीत येत नाही आणि जातही नाही. सोबत बेंबीपाशी कंबर मोजा. वजन तेच राहून कंबर कमी झाली असेल, तर तुमची मेहनत फुकट गेलेली नाही आणि मित्राचं म्हणणंही चूक ठरतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. लिहायला लागलात की खाणं आपोआप थोडं बदलेल, कारण लिहावं लागणार या विचारानं हात मागे येतो. त्यामुळे ही नोंद तुमच्या खऱ्या खाण्यापेक्षा जरा चांगली दिसेल. काही न बदलता, नुसतं लिहून या दोन आठवड्यांत वजनाची सरासरी खाली आली, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालंच. पुढे काय कमी करायचं ते त्या वहीतूनच निवडा, आणि असं निवडा की रविवारीही पाळता येईल. बहुतेकांच्या वहीत दोन-तीन जागा अशा सापडतात की जिथे खाण्यात फारसा आनंदही नसतो आणि भरपूर कॅलरी मात्र जातात. तिथून सुरुवात करा.

पूर्वी कधी उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं, अनावर खाणं किंवा खाल्ल्याची शिक्षा म्हणून व्यायाम करणं असं काही घडलं असेल, तर ही मोजामोज एकट्यानं करू नका. आकड्यांच्या नादानं तो त्रास परत डोकं वर काढतो. अशी माणसं उलट्या दिशेनंही फसतात: अगदी थोडं खाऊन 'पुष्कळ झालं' म्हणतात, आणि दुखऱ्या पायानं धावणं त्यांना शिस्त वाटते. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांची मदत घ्यावी.

शेवटी वैद्यकीय बाजू, कारण प्रत्येक न हलणारं वजन हे विसरलेल्या घासांमुळेच असतं असं नाही. थायरॉइड कमी असेल तर वजन वाढतं, पण ती वाढ सहसा दोन ते पाच किलोची असते आणि तिच्यात मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसिक आजारांवरची औषधं यांनी वजन खरोखर वाढतं. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. पायांवर सूज, चालताना आधी न लागणारा दम, सतत थकवा, पाळीत बिघाड किंवा झोपेत मोठ्यानं घोरणं यांपैकी काही असेल, तर दोन आठवडे थांबण्याचीही गरज नाही, आधी तपासून घ्या. जाताना चालू औषधांची यादी न्या, आणि नोंदी सुरू केल्या असतील तर ती वही, वजनाच्या सरासऱ्या आणि कंबरेची मापंही. "मी फार खात नाही" या वाक्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. दोन आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या तर कोणती तपासणी करायची आणि कोणती नको, हे पहिल्याच भेटीत ठरू शकतं.